लसूण: अनशापोटी की फोडणीत?

पाटावरवंटा | शनिवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी,

या धाग्याचं निमित्त आमचे बाबा. वय ७४. रक्तदाबाची गोळी बारा वर्षं चालू आहे आणि दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या. गेल्या दिवाळीत त्यांच्या फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलं की रोज अनशापोटी लसणाच्या तीन पाकळ्या ठेचून खाल्ल्या की नसा धुऊन निघतात. 'धुऊन निघतात' हे बाबांना फारच पटलं. तेव्हापासून आमच्याकडे पहाटे साडेपाचला खलबत्त्याची ठकठक. तीन पाकळ्या, वर कोमट पाणी, आणि मग नऊ वाजेपर्यंत त्यांच्यासमोर उभं राहायची सोय नाही. आई तोंड फिरवून चहा देते.

इथवर चाललं होतं. मागच्या महिन्यात दाढ काढायला गेले. कापसाचा बोळा दाबून अर्धा तास बसायचं असतं, बाबा अडीच तास बसले. रक्त थांबेचना. दाताच्या डॉक्टरांनी गोळ्यांची नावं आधीच विचारून ठेवली होती, त्या हिशेबाने तयारीही केली होती. त्यांनी परत विचारलं, आणखी काही घेता का? बाबा म्हणाले, नाही. येताना रिक्षात मी म्हटलं, लसणाचं का नाही सांगितलंत? तर म्हणे, "ते काय औषध आहे?"

अहो, मग सात महिने काय म्हणून खाताय?

तर जाणकारांनी सांगावं. कच्चा लसूण खरंच काही करतो का? फोडणीत घातला की सगळं जळून जातं असं बाबा म्हणतात, ते खरं का? आणि तुमच्याकडे लसूण कशाकशात आणि कसा घालतात तेही लिहा. लसणाशी माझं भांडण नाही, आमच्या घरी त्याच्याशिवाय वरणाला फोडणी पडत नाही.

घाटावरची | शनिवार, रात्री १०:०५

"ते काय औषध आहे?" 😂 काकांना साष्टांग. आमच्या सासऱ्यांचं मेथीदाण्यांवरून असंच झालं होतं. सविस्तर उद्या लिहिते, चटणीची कृतीही देते.

स्टेथोवाला | शनिवार, रात्री ११:२०

रक्त न थांबण्याचं मुख्य कारण त्या दोन गोळ्याच असणार, सगळं खापर लसणावर फोडू नका. पण कच्चा लसूण त्यात भर घालू शकतो. लसूण ठेचल्यावर गंधकाची जी संयुगं तयार होतात, त्यातलं अजोईन नावाचं एक संयुग प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटण्यात अडथळा आणतं. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभर लसणाच्या कॅप्सूल बंद ठेवायला सांगतात. आमटीतल्या चार पाकळ्या घरातल्या पाच जणांत वाटल्या जातात, त्यांची काळजी करायचं कारण नाही. रोज ठरवून, रिकाम्या पोटी, एकट्याने तीन कच्च्या पाकळ्या ही गोष्ट वेगळी. ती डॉक्टरांना सांगायलाच हवी. नाव औषध असो वा नसो.

कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर स्टॅनफर्ड विद्यापीठाची एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९२ माणसं, सगळ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं वाढलेलं. एका गटाला कच्चा लसूण (सँडविचमध्ये घालून दिला होता, बिचारे!), दुसऱ्याला भुकटीची गोळी, तिसऱ्याला मुरवलेल्या लसणाच्या अर्काची गोळी, चौथ्याला नुसतीच खोटी गोळी. आठवड्यातले सहा दिवस, सहा महिने. शेवटी एलडीएल कुठल्याच गटात हललं नाही. नसा वगैरे धुऊन निघत नाहीत.

रक्तदाबावर थोडा परिणाम दिसतो, तोही ज्यांचा मुळात वाढलेला आहे त्यांच्यात. पण त्या चाचण्या बहुतेक ठरलेल्या मात्रेच्या भुकटीवर नाहीतर अर्कावर केलेल्या आहेत. गोळी बंद करून लसूण चालू करणारे मला वर्षातून दोन-तीन तरी भेटतात. ते करू नका, एवढंच.

पाटावरवंटा | शनिवार, रात्री ११:३१

डॉक्टर, मनापासून आभार. सँडविचचा भाग आईला वाचून दाखवला. म्हणाली, त्या लोकांच्या बायकांची पण चाचणी घ्यायला हवी होती.

क्षारक | रविवार, सकाळी ७:५०

'फोडणीत जळून जातं' याबद्दल. अर्धं खरं आहे.

अख्ख्या पाकळीला वास नसतो, बघा नाकाला लावून. आत ॲलिन नावाचा पदार्थ एका कप्प्यात आणि ॲलिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. तो झणका म्हणजे ॲलिसिन. कॅव्हलिटो आणि बेली या संशोधकांनी ते १९४४ मध्ये वेगळं काढलं. पाकळी जितकी बारीक फुटेल तितकं जास्त, म्हणून काप केलेला लसूण सौम्य, ठेचलेला तिखट आणि खिसणीवर खिसलेला डोळ्यांत पाणी आणणारा.

आता गोम अशी की उष्णतेने ते विकर निकामी होतं. सोललेली अख्खी पाकळी थेट गरम तेलात टाकली तर ॲलिसिन तयार व्हायलाच वेळ मिळत नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर एका मिनिटात काम तमाम. पण लसूण आधी ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग शिजवला, तर विकराचं काम तोवर झालेलं असतं आणि त्यातून बनलेलं बरंच काही टिकतं. म्हणजे बाबांना सांगा: ठेचा, थांबा, मग फोडणीत घाला.

माझी आजी स्वयंपाकाला लागली की सगळ्यात आधी लसूण ठेचून वाटीत काढायची आणि मग भाजी निवडायला घ्यायची. तेवढ्यात दहा मिनिटं होतातच.

एकटाजीव | रविवार, सकाळी ८:१५

झालं, पूर्वजांना सगळं माहीत होतं, सुरू! (दिवे घ्या)

क्षारक | रविवार, सकाळी ८:२२

नाही हो. आजीला खलबत्ता आधी धुऊन पालथा घालायचा असायचा, कारण नंतर त्यात वेलदोडे कुटायचे असत. योगायोगाला योगायोगच म्हणतोय मी.

ओतूरकर | रविवार, सकाळी ९:४०

लसूण कसा खायचा यावर सगळे बोलतायत, कुठला खायचा ते कुणी बोलेना.

बाजारात मोठ्या पाकळीचा, पांढराशुभ्र, नखाने सोलला जाणारा लसूण घेऊन लोक खूश होतात. उटीचा म्हणून जो मिळतो तो सोलायला सोपा, हॉटेलवाल्यांना बरा. पण चटणीला गावरानच पाहिजे. बारीक पाकळी, वर जांभळट झाक, साल चिकटून बसलेली. सोलताना बोटं चुरचुरली पाहिजेत. आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाकळ्या टोचतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पात पिवळी पडून माना पडल्या की काढतात. काढल्यावर पातीसकट सावलीत सुकवायचा, मग पातीची वेणी घालून जुड्या बांधायच्या आणि आढ्याला टांगायच्या. चुलीचा धूर लागलेली जुडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकते. राजगुरुनगरला कांदा-लसणाचं केंद्र सरकारचं संशोधन संचालनालय आहे, तिथल्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल या जाती आमच्या भागात काही जण लावतात. बाकी देशाचा मोठा लसूण येतो मध्य प्रदेशातून, मंदसौर-नीमचकडून. तिकडे तर लसूण भाजी की मसाला यावर कोर्टकज्जा झाला. बाजार समितीत कुठे विकायचा याचा प्रश्न होता. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने २०२४ मध्ये सांगितलं, भाजी.

घेताना गड्डा दाबून बघा. घट्ट आणि वजनदार पाहिजे. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने आतला कोंब जागा होतो आणि बाहेर काढला की फुटतो. कोंब आला तर विषबिष काही नसतं, हिरवा भाग काढून टाका, तो कडवट लागतो. नाहीतर कुंडीत टोचा, पात खायला मिळेल.

आणि २०२४ मध्ये चारशे रुपये किलोने घेताना शहरातली मंडळी ओरडत होती, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांचा माल आधीच विकून झाला होता. हेही नोंदवून ठेवतो.

मडगांवची | रविवार, सकाळी ११:०३

तुम्ही सगळे 'तो लसूण' म्हणताय, मला वाचताना खडे लागल्यासारखं होतंय. ती लसूण! लसणीची फोडणी, लसणीचं तिखट.

आमच्याकडे कुळथाच्या पिठल्याला लसूण ठेचून सालासकट टाकतात. सोलायचा कंटाळा म्हणून नाही, सालाने खमंगपणा येतो म्हणून. सोलकढीत घालावी की नाही यावर मात्र घराघरांत दोन पक्ष आहेत. आमच्या घरी माशाच्या जेवणाबरोबर असेल तर लसूण-मिरची वाटून, नुसत्या भाताबरोबर असेल तर नाही.

गंमत म्हणजे ज्या विंदालूला लोक बटाट्याचा पदार्थ समजतात, त्यातला 'आलू' म्हणजे लसूण! पोर्तुगीजांचा 'कार्न द विन्या द आल्यूश', म्हणजे वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस. गोव्यात वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं, मिरची आली, आणि नाव घासत घासत विंदालू झालं. बटाटा घालणाऱ्यांना शेजारच्या आंटी दारात उभं करत नाहीत.

एकटाजीव | रविवार, सकाळी ११:१०

तो लसूण. ती लसूण म्हणजे मला ती बस, तो बस आठवतं.

घाटावरची | रविवार, सकाळी ११:१४

आमच्या साताऱ्याकडे तो. माहेर चिपळूणचं, तिथे ती. मी सासरी लसणाची आणि माहेरी लसणीची चटणी करते. चव सेम.

मडगांवची | रविवार, सकाळी ११:१६

चव सेम असूच शकत नाही. 🙂

वैद्यबुवा | रविवार, दुपारी १:३०

आयुर्वेदात लसणाला रसोन म्हणतात. रस आणि ऊन, म्हणजे उणा: सहा रसांपैकी पाच आहेत, आंबट तेवढा नाही. काश्यपसंहितेत लशुनकल्प असा स्वतंत्र अध्यायच आहे. १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा इथे बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रावरची जी पोथी लागली, तिची सुरुवातच लसणाच्या वर्णनाने होते. म्हणजे मान मोठाच आहे.

पण त्याच शास्त्रात तो उष्ण आणि तीक्ष्ण सांगितलाय हे व्हॉट्सॲपवाले गाळतात. पित्ताच्या माणसाने कच्चा, अनशापोटी खाणं हे शास्त्राच्या नावाने शास्त्राविरुद्ध वागणं आहे. द्यायचाच तर क्षीरपाक देतात. एक भाग सोललेला लसूण, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी. पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद उकळायचं आणि गाळून घ्यायचं. तेही प्रकृती बघून. पाटावरवंटा, तुमच्या वडिलांना हे मी इथून सांगणार नाही, त्यांच्या गोळ्या चालू आहेत.

बाळंतिणीला लसणाची खीर देतात ती याचीच घरगुती बहीण. पाकळ्या दोन-तीन वेळा पाणी बदलून उकडल्या की वास जातो, मग दूध-गूळ. पाहुण्यांना न सांगता वाढली तर बदामाची म्हणून खातात.

न्यूजर्सीकर | रविवार, दुपारी २:१५

बाळंतिणीवरून आठवलं. इथे फिलाडेल्फियात १९९१ मध्ये संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या. दुधाला वास आला आणि बाळं नाक मुरडतील असं वाटत असताना उलट जास्त वेळ चिकटून राहिली!

माझी एक शंका. लिंबात मुरवलेलं लसणाचं लोणचं घातलं होतं, आठ दिवसांत पाकळ्या निळ्या-हिरव्या झाल्या. अख्खी बरणी टाकून दिली. बुरशी होती का?

क्षारक | रविवार, दुपारी २:४०

टाकलीत? अरेरे. ती बुरशी नव्हे. आम्लात लसणातली गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं यांची प्रक्रिया होऊन तो रंग येतो. थंडीत साठवलेल्या लसणात जास्तच. खायला काही धोका नाही. उत्तर चीनमध्ये तर व्हिनेगरमध्ये मुद्दाम हिरवागार करून नव्या वर्षाला मोमोंसारख्या कानवल्यांबरोबर खातात. केसाळ, पांढरा-काळा थर वर दिसला तर मात्र टाका.

खरी भीती दुसरीकडे आहे आणि तिथे कुणी बघत नाही. नुसत्या तेलात बुडवलेला कच्चा लसूण, 'गार्लिक ऑइल' म्हणून ओट्यावर ठेवलेला. मातीतून आलेले बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू पाकळीवर असू शकतात, तेलाखाली हवा नाही, आम्लही नाही, म्हणजे त्यांना हवं तसं घर. १९८५ मध्ये व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात अशाच बाटलीतल्या लसणाने कितीतरी माणसं आजारी पडली होती. वास बदलत नाही, चव बदलत नाही. करायचंच तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. आपल्या लोणच्यात मीठ आणि लिंबू भरपूर असतं म्हणून ते तरून जातं.

पोटोबा | रविवार, दुपारी ४:०५

मला लसूण सोसतच नाही. खाल्ला की पोट नगाऱ्यासारखं. डॉक्टरांनी आयबीएस (आतड्याचा चिवट, नाजूकपणाचा विकार) सांगितलंय. सगळे लसणाचे गुण गातायत, आम्ही काय करायचं?

स्टेथोवाला | रविवार, दुपारी ४:३०

लसणात फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते, ती लहान आतड्यात पचत नाही. पुढे मोठ्या आतड्यातले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. ही फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात परतून, रंग आला की काढून टाकायच्या आणि त्याच तेलात फोडणी करायची. वास मिळतो, त्रास बराचसा टळतो. आमटीत पाकळ्या उकळून मग वेचून काढल्या तर उपयोग नाही, ती पाण्यात उतरलेली असते. नाहीतर हिंग आहेच.

जाता जाता: लसणाचं कोमट तेल कानात घालणं बंद करा. पडदा फाटलेला असेल तर फार महागात पडतं. लहान मुलांच्या छातीवर, पायाच्या तळव्यांना कच्चा लसूण बांधू नका, कातडी भाजते. आणि कुत्र्या-मांजरांना लसूण घातलेलं काहीही देऊ नका, त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.

रिंगणातला | रविवार, सायंकाळी ६:१०

आमच्याकडे माळ आहे, घरात कांदा-लसूण येत नाही. तरी धागा शेवटपर्यंत वाचला. सावता माळ्यांना मात्र लसूण-मिरचीतही हरी दिसला होता. बाकी हिंग-जिऱ्याच्या आमटीवर वेगळा धागा काढेन.

घाटावरची | रविवार, रात्री ८:५०

हं, आता चटणी. मिक्सरवाल्यांनी पुढचं वाचू नये.

एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस मंद आचेवर हलवत राहायचा, बदामी रंगावर खाली उतरवायचा. कढई तापलेली असते, तिच्यातच ठेवला तर ताटात येईपर्यंत काळा. गावरान लसणाच्या वीस-पंचवीस पाकळ्या, त्यातल्या पाच-सहा सालासकट. खलात आधी लसूण आणि जाड मीठ. मिठाचे खडे पाकळीला धरून ठेवतात, नाहीतर ती बत्त्याखालून उडी मारून थेट गॅसच्या मागे. लसणाचा ओला गोळा झाला की अर्धा चमचा भाजलेलं जिरं, मग दोन चमचे लाल तिखट. शेवटी खोबरं मूठमूठ. कुटताना आवाज ऐकत राहायचं. आधी खडखड, मग थपथप. थपथप व्हायला लागलं आणि बत्त्याला तेलाची चकाकी आली की झाली. बाजरीची भाकरी, वर कच्चं तेल.

फोडणीचं विचारलंय म्हणून: मोहरी तडतडली, जिरं-हिंग पडलं, की गॅस बारीक करून मग लसूण. लसणात साखर असते, तो कडेने पिवळा दिसला म्हणजे आतून पुढे गेलाय. पिवळ्यावरच डाळ ओता. तांबडा होईपर्यंत थांबलात तर कडू, आणि त्या कडूला गूळ घालून झाकता येत नाही. मी घालून बघितलाय.

एकटाजीव | रविवार, रात्री ९:१५

आणि ऑफिसात जायचं असेल तर? तोंडाला येणाऱ्या वासाचं काय?

क्षारक | रविवार, रात्री ९:२७

दात घासून जात नाही, कारण तो वास नुसता तोंडातून येत नाही. एक संयुग रक्तात जाऊन फुप्फुसातून श्वासाबरोबर बाहेर पडत राहतं, तासन् तास. जेवतानाच दूध किंवा ताक घ्या, सफरचंद किंवा पुदिना खा, थोडा फरक पडतो. सायीचं दूध जास्त चांगलं.

पाटावरवंटा | बुधवार, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार, धागा बाबांना अख्खा वाचून दाखवला. सोमवारी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कच्चा लसूण बंद करायला सांगितला, जेवणातला राहू दे म्हणाले. बाबा एक दिवस फुगून बसले. मग विचारलं, "चटणीतला जेवणातलाच ना?" मी म्हटलं, भाकरीबरोबर, चमचाभर. पहाटेची ठकठक आता सकाळी अकराला होते. क्षारकांच्या सांगण्यावरून घड्याळ लावून दहा मिनिटं लसूण झाकून ठेवतात आणि तेवढा वेळ आईने ओट्याकडे यायचं नाही, असा नियम केलाय.

आज पहिली चटणी झाली. खोबरं काळं झालं होतं, पण कुणी बोललं नाही. बाबा विचारतायत, कीस मंद आचेवर म्हणजे किती वेळ?

घाटावरची | बुधवार, रात्री ९:११

वेळ नाही बघायचा, रंग बघायचा. काकांना म्हणावं, वास आला की समजायचं उशीर झाला.